ऑफिसात एआय आलं, कर्मचाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो?

'एआय तुमची नोकरी खाणार.' 'ही पाच टूल्स शिका, नाहीतर मागे पडाल.' असे रील्स दिवसातून एकदा तरी समोर येतातच. आपण बोटाने ते पुढे ढकलतो, पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकतेच.

दुसरीकडे तेच एआय इंग्रजी ईमेल नीट करून देतं, एक्सेलचा फॉर्म्युला सुचवतं, लांबलचक अहवालाचा सारांश काढून देतं. एखाद्या दिवशी त्यामुळे अर्धा तास लवकर घरी जाता येतं.

मग एआयमुळे नोकरदार माणूस सुखी होतो की त्याच्या जिवाला घोर लागतो? गेल्या काही वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांचं उत्तर आहे: दोन्ही होतं. कोणाच्या वाट्याला काय येईल, हे मात्र नुसत्या तंत्रज्ञानावर ठरत नाही. ते कसं आणलं गेलं, त्याची सूत्रं कोणाच्या हातात आहेत आणि कर्मचाऱ्याला त्यात काही बोलता येतं का, यावर बरंच अवलंबून असतं.

कामाच्या ठिकाणी एआय म्हणजे नेमकं काय?

एआय म्हटलं की आपल्याला चॅटजीपीटी आठवतं. पण नोकरीच्या ठिकाणी एआय तीन वेगवेगळ्या भूमिकांत येतं आणि तिन्हींचा मनावर होणारा परिणाम वेगळा असतो.

पहिली भूमिका मदतनिसाची. मसुदा लिहिणं, कोड सुचवणं, भाषांतर करणं. इथे कर्मचारी एआयला काम सांगतो.

दुसरी भूमिका मुकादमाची. कोणी किती वेळात किती काम केलं हे मोजणं, शिफ्ट लावणं, पुढची ऑर्डर कोणाला द्यायची ते ठरवणं, गुण देणं. इथे एआय कर्मचाऱ्याला काम सांगतं.

तिसरी भूमिका वाटेकऱ्याची. काल जे काम माणूस करत होता, त्यातला काही भाग किंवा सगळंच काम आज यंत्र करतं.

'एआय चांगलं की वाईट' या वादात अनेकदा एकजण मदतनिसाबद्दल बोलत असतो आणि दुसरा मुकादमाबद्दल. त्यामुळे तो वाद मिटत नाही.

फायदा कोणाला होतो?

मदतनीस म्हणून एआय आलं की फायदा होऊ शकतो, याचे चांगले पुरावे आहेत.

अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक-सेवा विभागातल्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ग्राहकाशी चॅट सुरू असताना 'असं उत्तर देता येईल' हे सुचवणारं एआय त्यांना दिलेलं होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, तासाला सुटणाऱ्या तक्रारींचं प्रमाण सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं. नवख्या आणि कमी कौशल्य असलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये ही वाढ ३४ टक्के होती. जुन्याजाणत्यांना मात्र फारसा फरक पडला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ग्राहक जरा नीट बोलू लागले, 'तुमच्या मॅनेजरला द्या' म्हणणं कमी झालं आणि नवीन कर्मचारी नोकरी सोडून जाण्याचं प्रमाणही घटलं. ज्याने कॉल सेंटरमध्ये दिवसभर लोकांचा राग झेलला आहे, त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात शकेड नॉय आणि व्हिटनी झँग यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. लेखनाशी संबंधित काम करणाऱ्या ४५३ पदवीधर व्यावसायिकांपैकी काहींना चॅटजीपीटी वापरायला दिलं. त्यांचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला आणि कामाचा दर्जा १८ टक्क्यांनी सुधारला. कामाचं समाधानही वाढलं. गंमत म्हणजे एआयबद्दलचा उत्साह आणि एआयची काळजी, या दोन्ही भावना सोबतच वाढल्या.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने म्हणजे ओईसीडीने सात देशांतल्या वित्त आणि उत्पादन क्षेत्रांत सर्वेक्षण केलं. त्यात एआय वापरणाऱ्या दर दहापैकी सहाजणांनी कामातला आनंद वाढल्याचं सांगितलं. त्याच सर्वेक्षणात पाचपैकी तिघांना पुढच्या दहा वर्षांत एआयमुळे नोकरी जाईल अशी काळजीही होती.

नोकरी गेली नाही, तरी भीती का छळते?

नोकरी प्रत्यक्ष जाणं ही एक गोष्ट झाली. ती जाईल या धास्तीत रोज कामावर जाणं ही दुसरी गोष्ट आहे आणि तिचाही तब्येतीवर परिणाम होतो.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २०२३ च्या सर्वेक्षणात ३८ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितलं की आपल्या कामाचा काही किंवा सगळा भाग एआयमुळे कालबाह्य होईल अशी त्यांना काळजी वाटते. ही काळजी असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कामाच्या दिवशी तणावात असत. काळजी नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण ३८ टक्के होतं. यावरून काळजीनेच ताण आला असं सिद्ध होत नाही. आधीच ताणात असलेल्या माणसाला काळजीही जास्त वाटू शकते. पण दोन्ही हातात हात घालून चालतात, एवढं नक्की.

ही भीती अगदीच निराधार आहे, असंही नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये म्हटलं की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांवर एआयचा परिणाम होऊ शकतो आणि प्रगत देशांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आहे. 'परिणाम होणं' आणि 'नोकरी जाणं' यांत फरक आहे. यातल्या बऱ्याच नोकऱ्यांत एआयमुळे कामाला मदतच होण्याची शक्यता आहे. रील्समध्ये नेमका हा फरक गाळला जातो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, जनरेटिव्ह एआयचा सर्वाधिक परिणाम कारकुनी कामांवर होऊ शकतो. डेटा एंट्री, टायपिंग, पत्रव्यवहार, नोंदी ठेवणं अशी ही कामं आहेत. या कामांत स्त्रियांचं प्रमाण जास्त असल्याने धोक्याचा मोठा वाटाही त्यांच्याकडे येतो.

भारतात ही चर्चा घराघरांत पोहोचली ती जुलै २०२५ मध्ये. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार, म्हणजे जवळपास २ टक्के कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. एआयमुळे काम कमी झालं म्हणून हा निर्णय घेतलेला नाही, कौशल्यं आणि उपलब्ध काम यांचा मेळ बसत नाही हे कारण आहे, असं कंपनीने सांगितलं. तरी हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत आयटीतल्या माणसाच्या मनात यायचा तो प्रश्न आलाच: गृहकर्जाचे हप्ते अजून पंधरा वर्षं आहेत, आपली कौशल्यं तेवढी टिकतील का?

यंत्र मुकादम होतं तेव्हा

आता दुसऱ्या भूमिकेकडे वळू. इथे तक्रारी सर्वांत जास्त आहेत.

फ्रान्समधल्या ॲमेझॉनच्या गोदामांचं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक कामगाराच्या हातात स्कॅनर असतो आणि त्यावरून कामाची क्षणाक्षणाची नोंद होते. एक वस्तू स्कॅन केल्यावर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी स्कॅन केली, तर 'फार घाई केली' अशी नोंद. दहा मिनिटं किंवा जास्त वेळ स्कॅनर थांबला, तर वेगळी नोंद. एक ते दहा मिनिटांच्या खंडाचीही नोंद. फ्रान्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे सीएनआयएलने, ही देखरेख गरजेपेक्षा जास्त आहे असं ठरवून कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड केला. हा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. कामगाराला आपल्या प्रत्येक थांबण्याचं कारण द्यावं लागू शकतं, हा प्राधिकरणाचा मुख्य आक्षेप होता.

आपल्याकडे ॲपवरून खाणं किंवा सामान पोहोचवणाऱ्या मुलांना हा अनुभव नवा नाही. ऑर्डर कोणती मिळणार, इन्सेन्टिव्ह किती बसणार, आयडी बंद होणार का, हे ॲप ठरवतं. माणूस मुकादम असेल तर त्याला 'साहेब, गाडी पंक्चर झाली होती' असं सांगता तरी येतं. ॲपला काय सांगणार?

अशा देखरेखीने माणूस का थकतो, याचं एक स्पष्टीकरण एआयच्या कितीतरी आधीचं आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, नुसतं काम जास्त असल्याने माणूस तेवढा खचत नाही. काम जास्त असेल आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मोकळीक नसेल, तेव्हा ताण सर्वांत वाढतो. एआय मदतनीस असतं तेव्हा ही मोकळीक वाढू शकते. ते मुकादम होतं तेव्हा ती कमी होते. एकच तंत्रज्ञान एकाला हलकं करतं आणि दुसऱ्याला पिळून काढतं, त्याचं मोठं कारण हे आहे.

वेळ वाचतो की वाढतो?

'एआयने काम झटपट होतं' हे गृहीत धरून अनेक ठिकाणी टार्गेट वाढवलं जातं. पण काम खरंच झटपट होतं का?

मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी सॉफ्टवेअर डेव्हलपरांवर एक प्रयोग केला. त्यांनी आपल्या ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं केली, काही एआयच्या मदतीने आणि काही मदतीशिवाय. एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना आपला २० टक्के वेळ वाचला असंच वाटत होतं! प्रयोग छोटा होता आणि साधनं रोज बदलत आहेत, त्यामुळे हा आकडा सगळीकडे लावता येणार नाही. पण 'वाटणं' आणि 'असणं' यांत केवढं अंतर असू शकतं, हे त्यातून दिसतं. कोणी अशा वाटण्यावरून टार्गेट ठरवलं, तर ते पूर्ण करताना कर्मचाऱ्याची रात्र होणार.

दुसरा त्रास सहकाऱ्यांकडून येतो. दिसायला चकचकीत, वाचायला गेलं तर पोकळ असे एआयने लिहिलेले अहवाल आणि ईमेल. इंग्रजीत त्याला 'वर्कस्लॉप' हा शब्द रूढ झाला आहे. बेटरअप लॅब्ज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या २०२५ च्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या १,१५० कर्मचाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांनी सांगितलं की गेल्या महिन्याभरात असं काम त्यांच्या गळ्यात पडलं. असं एकेक प्रकरण निस्तरायला सरासरी दोन तासांच्या आसपास वेळ गेला. पाठवणाऱ्याचे दहा मिनिटं वाचली, वाचणाऱ्याचे दोनेक तास गेले आणि त्या सहकाऱ्यावरचा विश्वासही कमी झाला.

सवय मोडण्याचा धोका

काम येणं, ते आपल्याला येतं याचा अभिमान असणं, हा मानसिक स्वास्थ्याचा मोठा आधार असतो. तो आधार हळूहळू सैल होऊ शकतो.

पोलंडमधल्या चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा अभ्यास २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या पोटविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी शोधायला त्यांना एआय देण्यात आलं. एआय येण्याआधी हे डॉक्टर २८.४ टक्के तपासण्यांत अशा गाठी शोधत होते. एआयची सवय झाल्यावर ते नसताना केलेल्या तपासण्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आलं. केवळ एआयमुळेच असं झालं हे अशा अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण इशारा गंभीर आहे.

त्याच वर्षी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका संशोधनात साडेतीन हजारांहून जास्त लोक सहभागी होते. एआयच्या मदतीने काम चांगलं झालं. पण नंतर एआयशिवाय दुसरं काम करायची वेळ आली, तेव्हा कामाची आंतरिक ओढ कमी झाली आणि कंटाळा वाढला.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच ही विसंगती दाखवली होती. सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे फक्त अवघड आणि बिघडलेलं काम उरतं, आणि ते निस्तरायला लागणारा सरावही त्याच यंत्रामुळे सुटत जातो.

ही भीती पहिल्यांदा आलेली नाही

भारतात ऑटोमेशनवरून पेटलेला वाद साठ वर्षं जुना आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक बसवण्याविरुद्ध कोलकात्यात कर्मचाऱ्यांनी मोठं आंदोलन केलं. पुढे केंद्र सरकारने ऑटोमेशनवर एक समिती नेमली. पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि १९७२ मध्ये तिचा अहवाल आला.

बँकांत संगणक आले, पण थेट नाही. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. कोणती यंत्रं, कुठे आणि किती, हे चर्चेने ठरलं. संगणकीकरण त्यामुळे सावकाश झालं, हे खरं. पण बदलाबद्दल कर्मचाऱ्याला विचारलं गेलं. आज अनेक ऑफिसांत नवं टूल आल्याचं सोमवारी सकाळच्या ईमेलमधूनच कळतं.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्याच्या भावना ओळखणारं एआय वापरायला २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं त्याला अपवाद आहेत. भरती, बढती, कामावरून काढणं यांसाठी वापरायचं एआय या कायद्यात 'उच्च जोखमी'च्या वर्गात येतं.

हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. त्यानंतरच्या करारानुसार कंपनी लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करू शकत नाही आणि एआयने तयार केलेला मजकूर दिला तर तसं सांगावं लागतं.

भारतात कामाच्या ठिकाणच्या एआयसाठी असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. मात्र जुनी एक तरतूद उपयोगाची आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, ज्या तांत्रिक बदलामुळे कामगार कपात होण्याची शक्यता आहे, तो करण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद आहे. पण व्यवस्थापकीय पदावरचे लोक 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी मालकाला संमतीशिवायही कर्मचाऱ्याची माहिती वापरता येते. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कर्नाटकने २०२५ मध्ये कायदा केला. त्यात कामाचं वाटप आणि देखरेख करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल कामगाराला माहिती देण्याची अपेक्षा आहे.

तुम्ही काय करू शकता?

ऑफिसात नवं एआय येत असेल, तर मॅनेजर किंवा एचआरला हे प्रश्न विचारता येतील. एकट्याने विचारण्यापेक्षा चौघांनी मिळून विचारलेले बरे.

• हे टूल मला मदत करणार आहे की माझं काम मोजणार आहे?
• माझी कोणती माहिती साठवली जाते आणि ती कोण पाहतं?
• यंत्राने दिलेला गुण किंवा निर्णय चुकला, तर दाद कोणत्या माणसाकडे मागायची?
• एआयच्या उत्तरात चूक निघाली तर जबाबदारी कोणाची?
• शिकण्यासाठी ऑफिसच्या वेळेत वेळ मिळणार का?
• वाचलेल्या वेळेचं काय करायचं? आणखी टार्गेट, की थोडी उसंत?

स्वतःसाठीही काही पथ्यं पाळता येतील. जे काम आपल्याला येतं ते अधूनमधून एआयशिवाय करा. एआयने लिहिलेलं पुढे पाठवण्याआधी स्वतः पूर्ण वाचा. रील पाहून दर आठवड्याला नवं टूल शिकायच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या कामाला लागणारं एकच नीट शिका. ऑफिसची गोपनीय कागदपत्रं मोफत चॅटबॉटमध्ये टाकू नका.

आणि थकवा ओळखा. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटची तीन लक्षणं सांगते: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, झोप उडाली असेल, तर घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

अशा त्रासात अनेकजण स्वतःलाच दोष देतात: 'मीच मागे पडलो, मलाच जमत नाही.' पण टार्गेट कोणी वाढवलं, शिकायला वेळ कोणी दिला नाही, निर्णय घेताना कोणाला विचारलं गेलं नाही, हे प्रश्न एका माणसाच्या हुशारीचे नाहीत. ते ऑफिस कसं चालवलं जातं याचे आहेत आणि त्यांची उत्तरं बदलता येतात.